नि-चाळीस नंबरची नळी

चौतीस वर्षं मी माणसांच्या दंडाला रबर बांधलं. समोर कोण बसलंय हे चेहऱ्यावरून कधी लक्षात ठेवलं नाही, शिरेवरून ठेवलं. आजही मुरूडच्या बाजारात कुणी "काय वसंतराव, ओळखलंत का?" म्हणालं, की माझी नजर आधी त्याच्या कोपराच्या खोबणीत जाते. फुलशर्ट घातलेला माणूस मला कायमचा अनोळखी. सौ. म्हणते, "माझ्याशी लग्न केलंत तेसुद्धा हात बघूनच." तसं काही नाही. पण तिची शीर सुरेख आहे, हे मी नाकबूल करणार नाही.

सरकारी कागदावर मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ. लोकांच्या तोंडी रक्तवाला. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहायला सांगणाऱ्या संपादकांना वाटलं असणार, की मी हिवतापाच्या साथी, विंचू, सर्पदंश असलं काहीतरी शौर्याचं लिहीन. ते सगळं झालं. पण त्यात मी दर वेळी बरोबर होतो, त्यामुळे ते मला नीट आठवत नाही. आठवतात त्या चुका. त्यातली सगळ्यात मोठी मी निवृत्त झाल्यावर केली, आणि ती एका काचेच्या नळीत मावण्याएवढी होती.

आधी थोडी शाळा घेतो, म्हणजे पुढे अडखळायला नको. नळीत रक्त घेतलं आणि अर्धा तास उभं ठेवलं की ते गोठतं. मग ती नळी यंत्रात घालून गरगर फिरवायची. लाल गोळा खाली बसतो आणि वर जे पाणी राहतं त्याला आम्ही सीरम म्हणतो. उपाशीपोटी निरोगी माणसाचं सीरम शहाळ्याच्या पाण्यासारखं, जरासं पिवळट, आरपार दिसणारं. काविळीचं हळदीसारखं. रक्त काढताना ओढाताण झाली तर लाल पेशी फुटतात आणि ते गुलाबी होतं. आणि रक्तात चरबी तरंगत असेल तर दुधाळ, ताकासारखं. तपासणीचा कागद येण्याआधी मी नळी उजेडात धरून अर्धं निदान सांगायचो. डॉक्टर लोक चिडायचे. मला ते आवडायचं.

निवृत्तीनंतर आठ महिने घरी बसलो. नवव्या महिन्यात सौ.ने जाहीर केलं, "एक तर तुम्ही कुठे तरी जा, नाही तर मी जाते." त्याच आठवड्यात डॉ. केतकी आल्या. मुंबईच्या एका संशोधन संस्थेतल्या. वय बत्तीस, पायात शहरी बूट, बुटात किनाऱ्याची वाळू. त्यांना आमच्या पट्ट्यातल्या गावांतून रक्ताचे नमुने हवे होते, आणि कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं.

"काका, आम्ही यकृतातले मायक्रो-आरएनए शोधतोय," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो. समजलं नाही की मान हलवायची.

त्यांनी ओळखलं असावं, कारण त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. प्रत्येक पेशीत कामाच्या सूचना असतात. त्यांतल्या कुठल्या आज पाळायच्या आणि कुठल्या दाबून ठेवायच्या, हे सांगणाऱ्या अगदी बारीक चिठ्ठ्या म्हणजे मायक्रो-आरएनए. वजन वाढलं, पोटावर मांस चढलं, साखर-चरबीचा कारभार बिघडला, की यकृतात चरबी साठते. मग यकृताच्या पेशी वैतागतात आणि त्यांच्या चिठ्ठ्या रक्तात सांडायला लागतात. एकशेबावीस नंबरची चिठ्ठी तर जवळजवळ यकृताचीच. ती रक्तात भरपूर सापडली तर यकृताला त्रास आहे असा संशय घ्यायचा. संशयच. शोध अजून चालू होता, हे त्या दर दोन वाक्यांनी बजावायच्या. पण जमलं, तर यकृतात सुई न खुपसता दंडाच्या रक्तावरून अंदाज येणार होता.

हे गावात कसं सांगायचं? आगरदांड्याच्या जेट्टीवर मासळी विकणाऱ्या बायकांपुढे मी चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्या माझ्याकडे शिळ्या मांदेलीकडे बघावं तशा बघत राहिल्या. मग मला सुचलं. "बंदरात एखाद्या होडीची टाकी गळायला लागली तर कसं कळतं? होडी वर ओढता का?"

"पान्यावर तेल दिसतं," एक जण म्हणाली.

"बस. हेच. रक्त म्हणजे पाणी, यकृत म्हणजे होडी. आम्ही तेल बघणार."

केतकीताईंनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे मुंबईच्या कुठल्याशा परिषदेत त्यांनी हीच होडी पाण्यात सोडली म्हणे. मला त्याचा फार अभिमान. माझ्या नावाचा उल्लेख नव्हता, पण होडी माझी होती.

बायकांतली ही तेलवाली म्हणजे जमनाबाई. कोळीण, एक्कावन्न वर्षांची, भरभक्कम. दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी गाड्या जिथे रांगेत थांबतात, तिथे पहिल्याच माडाखाली तिची जागा. सोडे, सुके बोंबील, सकाळी ताजं काही मिळालं तर ते. गाडीतून उतरणारा पाहुणा सगळ्यात आधी तिच्यासमोर यायचा. ती जागा तिच्या आईची. आईनंतर तिची. जेट्टीवर तिच्याइतका मोठा आवाज फक्त बोटीच्या भोंग्याचा.

कामाला सुरुवात झाली आणि पहिल्याच महिन्यात माझी अब्रू गेली.

मी पंचक्रोशीत नावाजलेला होतो तो वेगासाठी. सुई आत, दट्ट्या मागे, माणूस "आई गं" म्हणेपर्यंत काम खलास. लहान पोरंसुद्धा माझ्यापुढे रडायला वेळ मिळत नाही म्हणून रडत नसत. तर पहिली खेप मुंबईला गेली आणि केतकीताईंचा फोन आला. "काका, निम्म्या नळ्या गुलाबी आहेत."

"माझ्या? शक्य नाही. बोटीत हिंदकळल्या असतील."

"तुम्ही दट्ट्या फार जोरात ओढता. लाल पेशी फुटतात. त्यांच्या आत त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठ्या असतात. त्या सगळ्या मिसळल्या की यकृताच्या कुठल्या, हे कळेनासं होतं." जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्याच भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच होडीचं तेल."

माझी होडी माझ्याच अंगावर. दोन दिवस मी सौ.शीसुद्धा बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने रक्त हळू काढायला शिकायला बसलो. चौतीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे डाव्या हाताने जेवण्यासारखं. आमच्या गावातली जुनी गिऱ्हाइकं म्हणू लागली, "वसंतराव थकले. हात चालत नाही आता."

दुसरी फजिती बर्फाची. नळ्या गार राहायला हव्यात. मुरूडहून अलिबागमार्गे मांडव्याला जीपने जायचं, तिथून बोटीने गेटवे. संस्थेने दिलेल्या थंड पिशव्या एके दिवशी मी घरच्या फ्रीजमध्ये गोठवायला ठेवल्या आणि सौ.ने पाहुण्यांच्या आइस्क्रीमसाठी बाहेर काढल्या. वेळ नव्हता. मी सरळ बर्फाच्या कारखान्यात गेलो आणि मासळीचा चुरा बर्फ पेटीत भरला. बोटीत माझ्या शेजारी एक मुंबईकर बाई बसल्या होत्या. त्यांनी दोनदा नाक मुरडलं, तिसऱ्यांदा वास घेतला आणि हळूच विचारलं, "पापलेट आहे का हो?"

"नाही. माणसं आहेत," मी म्हणालो.

त्या उठून वरच्या मजल्यावर गेल्या.

वासाचं सोडा. बर्फ वितळला, पाणी झालं, आणि नळ्यांवरच्या क्रमांकांची शाई धुऊन निघाली. अकरा नळ्या निनावी. केतकीताई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त त्या अकरा नळ्या माझ्यादेखत एकेक करून टाकून दिल्या. त्या दिवसापासून वसंतराव नळ्यांची अदलाबदल करू शकतात, हे त्यांच्या मनात कायमचं बसलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जमनाबाई. शोधासाठी जेट्टीजवळ घेतलेल्या केंद्राच्या खोलीत ती रक्त द्यायला आली ती नेहमीच्या आवाजात नाही. खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाव, एक सांग. माजी आय पोट फुगून गेली. डोले पिवले. शेवटी मना पन वलखत न्हवती. पन्नासाची व्हती. मी एक्कावन्नाची हाय, नि मी तिच्यापेक्षा जाड हाय. मना पन तेच व्हनार काय?"

मी म्हणालो, "तेच तर बघतोय."

"सगल्यांचं बग. पन माजा कागद तू सोता आन. त्या पोरीकडना न्हाय, टपालानं न्हाय. तू आन."

मी शब्द दिला. दंड मोठा, शीर खोल. पण मी डोळे मिटून बोटाने चाचपली आणि अगदी सावकाश, एका प्रयत्नात घेतली. नळी भरताना ती माझ्याकडे बघत होती, मी नळीकडे. जाड गटातला तिचा क्रमांक ज-सतरा.

त्याच दिवशी मला निरोगी गटातला शेवटचा माणूस हवा होता. तुलनेसाठी चाळीस निरोगी माणसं ठरली होती. बारीक, साखर नाही, कसला आजार नाही. एकोणचाळीस झाली होती. चाळिसावा म्हणजे कासिमभाई. आखातात अठ्ठावीस वर्षं काढून आलेला माझा शाळासोबती, अंगात हाडंच हाडं. उपाशी यायला सांगितल्यावर तो मलाच हसला होता. "वसंता, रमजानात तीस दिवस पाण्याचा थेंब घेत नाय मी. तू मला उपाशी राहायला शिकवतोस?"

सकाळी आठ वाजता आला. मी रबर बांधलं. सुई उचलली. कासिमभाई खाली बघून म्हणाला, "वसंता, झूठ बोलणार नाय. निघताना बेगम म्हणाली, खाली पेट रक्त दिलंस तर चक्कर येईल. दोन अंडी खाल्ली. पाव. वर मलई."

"कासिम!"

"थोडीशी मलई."

रबर सोडलं. केतकीताई मुंबईत दुपारच्या बोटीची वाट बघत होत्या. पेटी बंद करायला जेमतेम तास. आणि मग माझ्या डोक्यात ती कल्पना आली जी फक्त माझ्यासारख्याच्या डोक्यात येऊ शकते. पहाटे पाचला घर सोडलेलं. तोंडात पाणीसुद्धा नाही. हातपाय काडीसारखे. आयुष्यात एक दिवस आजारपणाची रजा नाही. निरोगी माणूस शोधायला मी गावोगाव हिंडतोय आणि तो माझ्याच खुर्चीत बसलाय!

कासिमभाईला मी दाराकडे तोंड करून उभं केलं. डाव्या दंडाला रबर दातांनी आवळलं आणि उजव्या हाताने, दट्ट्या जराही जोरात न ओढता, स्वतःचं रक्त घेतलं. त्या दिवसातली सगळ्यात सुंदर नळी. मग अर्ज भरला. नाव गुप्त असतं, फक्त क्रमांक: नि-चाळीस. वजन खरं लिहिलं. कमरेच्या मापाला मात्र श्वास आत ओढून टेप लावली. आहार: साधा. आता साधा म्हणजे दुपारी भाताचा डोंगर, त्यावर खोबऱ्याचं कालवण, मग दोन तास झोप, संध्याकाळी चार चमचे साखरेचा चहा. पण रोज तेच, म्हणजे साधाच की. माझ्या काडीसारख्या अंगावर मधोमध एक नारळ होता, तो मी शर्टाचा घोळ समजत होतो.

पुढचं लिहायला मला अजूनही लाज वाटते.

यंत्र थांबलं, मी नळ्या बाहेर काढल्या. जमनाबाईची ज-सतरा शहाळ्याच्या पाण्यासारखी. आरपार. आणि नि-चाळीस दुधाळ. ताक. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नळ्या खिडकीत धरून पटकन सांगत आलो. स्वतःची नळी बघून काय केलं? खिडकीची काच पुसली. मग म्हटलं, यंत्र जुनं झालंय. मग म्हटलं, ढग आले असतील. बाहेर लख्ख ऊन होतं.

नळी पेटीत ठेवली. शाई धुतली जाऊ नये म्हणून वर चिकटपट्टीसुद्धा लावली. बघा माझी काळजी.

दीड महिन्याने केतकीताईंचा फोन. "काका, नि-चाळीस आणि ज-सतरा एकाच दिवशीच्या, एकाच रांगेतल्या, शेजारी शेजारी. बरोबर?"

"बरोबर."

"नि-चाळीसमध्ये एकशेबावीस भयंकर चढलंय. चरबीही भरपूर, नळी दुधाळ. ज-सतरा एकदम छान. अर्जात ज-सतराची कंबर एवढी मोठी, आणि नि-चाळीस बारीक माणूस. काका, तुम्ही नळ्यांची अदलाबदल केली."

त्या रागावल्या नव्हत्या. दमल्या होत्या.

"कोणती कुणाची हे आता सांगता येणार नाही. मी दोन्ही बाद करते. ज-सतराला निकाल कळवू नका, उगाच चुकीचं सांगणं नको. पुढच्या वेळी तरी नीट बघा."

फोन बंद झाला. बाद. म्हणजे मी सुटलो. आणि माझ्या मनात पहिला विचार कुठला आला असेल? यकृताचा नाही. जमनाबाईचाही नाही. पहिला विचार हा, की चला, नळ्या बदलल्याचा ठपका आला, पण आपण स्वतःला निरोगी म्हणून घुसवलं हे कळलं नाही. माझ्या हातून कधीच न घडलेली चूक मी आनंदाने अंगावर घेतली, घडलेली लपवायला.

त्यानंतर जेट्टीवर जायचं मी टाळू लागलो. एकदा कामासाठी जावंच लागलं, तर गाड्यांच्या रांगेच्या पलीकडून चाललो. पण जमनाबाईची नजर घारीची.

"भाव! आला का माजा कागद?"

"नाही अजून."

"बाकीच्यांचे आले."

"तुझा मागे राहिला. येईल."

ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला नवीन होतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. पहिल्या माडाखाली तिची धाकटी बहीण बसली होती. सोड्यांचे वाटे लावत होती. जमनाबाई कुठे दिसेना. मग दिसली. रांगेच्या शेवटी, जिथे उन्हात कुणी थांबत नाही तिथे, पालथ्या टोपलीवर बसलेली.

"हे काय? तुझी जागा?"

"धाकटीला दिली."

"का?"

"दिली. पुडं मागं भांडनं नकोत. मी असताना ती बसली म्हंजे मागना कोन उठवनार न्हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चांगल्या कागदाला येवडा येल लागत न्हाय, भाव. मना कललं. तुज्या तोंडावरना कललं. तू सांगाला घाबरतंस. नको सांगू."

मी तिथे उभा राहिलो. फेरीबोट लागत होती, फळीचा आवाज झाला, गाड्या पुढे सरकल्या. माझ्या एका दुधाळ नळीपायी ही बाई जिवंतपणी आपल्या आईची जागा वाटून मोकळी झाली होती. आणि तिची नळी त्या दिवशी माझ्या हातात शहाळ्याच्या पाण्यासारखी होती. मी बघितली होती. मला तेव्हाच माहीत होतं.

"जमने," मी म्हणालो, "उद्या संध्याकाळपर्यंत कुठे जाऊ नकोस."

"मी कंय जानार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मांडव्याहून पहिली बोट पकडली. हातात पेटी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करायचं कळेना. गेटवेला उतरून संस्थेत गेलो. केतकीताई पांढऱ्या कोटात, नळीत काहीतरी थेंब थेंब सोडत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कासिमभाईची मलई, दातांनी आवळलेलं रबर, आत ओढलेलं पोट, पुसलेली काच.

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही चुकीची नळी दिली असती तर मी समजून घेतलं असतं. तुम्ही चुकीचा माणूस दिलात."

"हो."

"आणि त्या बाईंना महिनाभर उगाच ताटकळत ठेवलं."

"हो."

"आणि स्वतःचं यकृत?"

यावर "हो" म्हणता येईना. आत्तापर्यंत ते सगळं नि-चाळीस नावाच्या कुणा परक्या माणसाचं चाललं होतं. तो माणूस मी आहे, हे मी दुसऱ्याला सांगितलं तेव्हा मला कळलं.

केतकीताईंनी पाणी दिलं. "उद्या मी येते. दोघंही उपाशी राहा. आणि काका, मलई नाही."

त्या संध्याकाळी जेट्टीवर जाऊन मी जमनाबाईला एवढंच म्हणालो, की तुझ्या कागदाला उशीर झाला तो माझ्यामुळे, आणि उद्या पुन्हा रक्त द्यायचंय. तिने कारण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या त्या केंद्राच्या खोलीत खुर्ची एकच होती. आधी जमनाबाई बसली, मग मी. केतकीताई मुंबईत यंत्रावर राणी, पण शिरेच्या बाबतीत अगदीच नवख्या. "जरा वर घ्या. नाही, तिरकी. रबर सैल आहे," मी शिकवायला लागलो.

"काका, गप्प बसा."

सुई दोनदा हुकली. तिसऱ्यांदा लागली. चौतीस वर्षांत मी किती लोकांना "काही दुखत नाही" म्हणालो असेन. त्या सगळ्यांची मी इथे छापील माफी मागतो. जमनाबाईने माझा दुसरा हात धरला होता. "बगू नको तिकरं," ती म्हणत होती, "भाईर बग, भाईर. बोट आली बग."

अर्धा तास नळ्या उभ्या राहिल्या. मग यंत्र फिरलं. केतकीताईंनी दोन्ही नळ्या काढून माझ्यासमोरच्या मांडणीत ठेवल्या. एक शहाळ्याचं पाणी. एक ताक.

जमनाबाईने पदर तोंडाला लावला. मग बोट पुढे करून, अगदी हळू, दुधाळ नळी दाखवली. "ही माजी ना?"

"नाही," मी म्हणालो. "ती माझी. पहिल्यापासून माझीच."

तिने माझ्याकडे बघितलं. मग नळ्यांकडे. मग पुन्हा माझ्याकडे, माझ्या काडीसारख्या हातांकडे, आणि शर्टाच्या घोळाकडे. आणि मग ती हसायला लागली. जेट्टीवरचं तिचं हसू, भोंग्याएवढं. हसता हसता तिने माझ्या पाठीत असा धपका घातला की माझ्या उरल्यासुरल्या लाल पेशी फुटल्या असतील.

"मेल्या! मी जागा दिली ना रं धाकटीला!"

नुसत्या नळीच्या रंगावर सोडायचं नाही, म्हणून केतकीताईंनी दोघांनाही अलिबागला सोनोग्राफीला नेलं. जमनाबाईच्या यकृतावर किंचित चरबी, घाबरण्यासारखं काही नाही, चालणं चालू ठेवा. डोक्यावर टोपली घेऊन रोज दोन मैल जाणाऱ्या बाईला चालायला सांगितल्याबद्दल तिने डॉक्टरांकडे असं बघितलं की त्यांनी तो मुद्दा सोडला. आईचा आजार बहुधा जुन्या काविळीतून आलेला असणार, जाडीतून नव्हे, असंही त्यांनी समजावलं. माझं यकृत पडद्यावर पांढरं चमकत होतं. साखरही सापडली. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडे हातपाय बारीक आणि चरबी सगळी आत, असे पुष्कळ लोक असतात. त्यांना कुणी जाड म्हणत नाही म्हणून ते तपासायला येत नाहीत. मी म्हटलं, मी तर रोज तपासणीच्या खोलीतच होतो.

जमनाबाईला जागा परत मिळवायला चार दिवस भांडावं लागलं. ते भांडण ऐकायला दिघीच्या बाजूचे लोकही येत होते म्हणतात. धाकटी आता दुसऱ्या माडाखाली बसते.

माझं काम पुढे वर्षभर राहिलं. केतकीताईंनी मला काढलं नाही. फक्त प्रत्येक पेटीबरोबर एक कागद यायला लागला: "नमुना देणारे आणि घेणारे वेगळे आहेत, असे मी लिहून देतो." खाली माझी सही. मग शोध संपला, पेट्या परत गेल्या, यंत्रही गेलं. खोलीत आता रेशनचं धान्य असतं. कधी त्या रस्त्याने गेलो तर खिडकीपाशी थांबतो. कुणाच्या नळीला त्या खिडकीचा उजेड लागत नाही याचं वाईट वाटतं. पहाटे पाचला पेटी घेऊन निघायचं, गावात शिरताच कुत्र्यांनी ओळखायचं, कुणीतरी दारातून "चहा न पिता आलोय हो!" म्हणून ओरडायचं, ते सगळं संपलं.

त्यांचा अहवाल मी बघितला. इंग्रजीतला, मला फारसा कळला नाही. एका तक्त्यात मात्र निरोगी गटाखाली आकडा होता: एकोणचाळीस. शेवटच्या जागेबद्दल खाली बारीक अक्षरात एक ओळ: एक नमुना वगळला. एवढा मोठा शोध, आणि त्यात मी आहे तो वगळलेला. केतकीताईंना म्हटलं, निदान होडी तरी छापायची. त्या हसल्या.

आता सकाळी मी चालतो. घरापासून आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत. भाताचा डोंगर टेकडीएवढा झाला, चहातली साखर सौ.ने कुलपात ठेवली. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला जातो, आणि नवीन पोरगा दट्ट्या जोरात ओढतो तेव्हा जीभ चावून गप्प बसतो. परत येताना जेट्टीवरून यावंच लागतं. गाड्यांची रांग असते, पाहुणे खिडक्या खाली करून बघत असतात, आणि पहिल्या माडाखालून सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा आवाज येतो:

"काय भाव? आज पानी का ताक?"

पहिली दोन वर्षं मी मान खाली घालून पुढे जायचो. परवा मात्र थांबलो. त्या पोराकडून नळी मागून घेतली होती, खिडकीत धरून बघितली होती. काच न पुसता.

"पाणी, जमने," मी ओरडून सांगितलं. "जरासं गढूळ. पण पाणी."